घरचे क्रियापद आणि शाळेचे क्रियापद

मालवण तालुक्यातील मसुरे हे गाव भरतगड किल्ल्यासाठी आणि आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेसाठी सर्वपरिचित आहे. या परिसरातील घराघरांत मालवणी बोलली जाते. पहिलीत दाखल होणारे मूल क्रियापद चालविण्याची एक संपूर्ण पद्धती घरूनच शिकून येते. शिक्षकांनी ती ओळखल्यास प्रमाण मराठीचे अध्यापन पुष्कळ सुकर होईल.

बोलीतील नियम

‘बसणे’ या क्रियापदाची मालवणीतील वर्तमानकाळी रूपे पुढीलप्रमाणे होतात :

मी बसतंय – आमी बसतांव
तू बसतंस – तुमी बसतास
तो, ती, तां बसता – ते बसतत

गावागणिक उच्चार किंचित बदलतो. रचना मात्र तीच राहते. ‘करणे’ घेतले तरी करतंय, करतंस, करता अशीच रूपे होतात. प्रत्ययावरूनच पुरुष व वचन कळत असल्याने ‘खंय जातंस?’ या प्रश्नात ‘तू’ उच्चारण्याची गरज पडत नाही.

जगातील अन्य भाषांतही अशी व्यवस्था आढळते. स्पॅनिशमध्ये ‘बोलणे’ या अर्थाचे ‘आब्लार’ हे नियमित क्रियापद आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान असे चालते. तेथेही कर्ता बहुधा अध्याहृत असतो आणि ‘तो’ व ‘ती’ या दोहोंसाठी ‘आब्ला’ हे एकच रूप येते.

अडचण कोठे येते?

प्रमाण मराठीत एकवचनी रूप लिंगानुसार बदलते : तो बसतो, ती बसते, मुलगा ‘मी बसतो’ म्हणतो, मुलगी ‘मी बसते’. मालवणीत हा भेद नसल्याने तो मुलांना नव्याने शिकावा लागतो. दुसरी अडचण ‘बसता’ या रूपाची आहे. घरी ते ‘तो’ किंवा ‘ती’ यांच्यासाठी वापरले जाते, तर पुस्तकात ‘तुम्ही’साठी. त्यामुळे ‘तो बसता’ असे लिहिणारे मूल निष्काळजी नसते. ते घरचा नियम अचूकपणे पाळत असते.

शिक्षकांनी काय करावे?

अशा वाक्यावर केवळ लाल फुली मारल्यास आपले बोलणेच चुकीचे आहे, असा मुलाचा समज होतो आणि ते वर्गात मौन धरते. त्याऐवजी फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात मुलांनी स्वतः सांगितलेली घरची रूपे व दुसऱ्यात पुस्तकातील रूपे लिहावीत. फरक मुलांनाच शोधू द्यावा. नंतर ‘करणे’, ‘जाणे’ ही क्रियापदे तशीच चालवून घ्यावीत.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिक्षण देण्याचे तत्त्व नमूद आहे. शाळा व्यवस्थापन समित्या आणि पंचायत सदस्यांनीही पालकांना हे समजावून द्यावे. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे. त्यासाठी घरची भाषा टाकून देण्याचे मात्र कारण नाही.