उष्णता वेगळी, ताप वेगळा

अगं, अंगाची लाहीलाही होते, तळपाय जळतात, रात्री चादरसुद्धा सहन होत नाही, हे तू नाजूकपणा म्हणून उडवून लावू नकोस. दिवस गेलेल्या बाईच्या अंगात रक्त जवळजवळ दीडपट होतं. पोटातलं बाळ तर तुझ्यापेक्षा अर्ध्या अंशाने गरम असतं, आणि त्याची उष्णता बाहेर टाकायचं कामही तुझ्याच अंगाला करावं लागतं. त्यात आपला वैशाख! पांढुर्ण्यात काय नि सौंसरला काय, पारा 44-45 वर जातो आणि नवतपात तर भिंतीसुद्धा रात्रभर तापलेल्या असतात. तुला गरम होणारच.

पण एक गोष्ट मनाशी पक्की कर. आपल्या घरांत 'उष्णता वाढली' या एका नावाखाली सगळं घालतात. अंग तापलं, उष्णता. लघवीला आग झाली, उष्णता. चक्कर आली, तीही उष्णताच. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, गुलकंद सुरू होतं आणि चार दिवस निघून जातात. त्या चार दिवसांची मला काळजी वाटते.

म्हणून घरात एक थर्मामीटर ठेव. कपाळाला हात लावून ताप कळतो यावर विश्वास ठेवू नकोस, मे महिन्यात सगळ्यांचीच कपाळं गरम असतात. घरात येऊन थोडं टेकल्यावर मोज. 100.4 किंवा त्याहून जास्त दिसलं की ती उन्हाची उष्णता नव्हे, तो ताप. मग डॉक्टरकडे जायचं, त्याच दिवशी. पहिल्या तीन महिन्यांत तर जास्तच जपायचं, कारण बाळाचा मेंदू आणि पाठीचा कणा अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत घडतो आणि मोठा ताप त्याला बाधू शकतो. तापासाठी साधी पॅरासिटामॉल चालते, तीही डॉक्टरला विचारून. घरात पडलेली अंगदुखीची दुसरी गोळी मात्र तोंडात टाकायची नाही. पावसाळा लागला की मलेरिया-डेंग्यूही येतात, तेव्हा रक्त तपासल्याशिवाय कुणाचा काढा घेऊ नकोस.

आता उन्हाळी लागण्याचं बोलते, कारण यात बायका सगळ्यात जास्त फसतात. लघवीला आग, घडी घडी जावं लागणं, ओटीपोटात दुखणं. एरवी पाणी वाढवलं की कधी कधी बरंही वाटतं. गरोदरपणात मात्र तो बहुतेकदा लघवीचा जंतुसंसर्ग असतो. तो मूत्रपिंडापर्यंत चढला की थंडी वाजून ताप येतो आणि कळा वेळेआधी सुरू होण्याची भीती असते. तपासणी साधी आहे, एक छोटी बाटली लघवी द्यायची. बाळाला चालणारी औषधं डॉक्टर देतात. धने-जिऱ्याचं पाणी खुशाल पी, पण ते तपासणीच्या ऐवजी नको.

आणि हा संसर्ग होतो कशाने? पुष्कळदा आपण पाणीच कमी पितो म्हणून. वावरात आडोसा नाही, एसटीत सोय नाही, माहेरच्या वाटेवर कुठे उतरायचं, म्हणून बाई सकाळपासून घोटभरच पाणी पिते. आपल्याकडे मृग बहारासाठी संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देतात, मग पावसात ते फुलतं. तू झाड नव्हेस, बाई. तुला ताण द्यायचा नाही. उन्हाळ्यात दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी पोटात जायला हवं, आणि लघवी फिकी दिसायला हवी. ती गडद पिवळी दिसली की समज, कमी पडलं.

नुसतं पाणी जात नसेल तर माठातलं ताक घे जिरं घालून, कैरीचं पन्हं, लिंबूपाणी, ज्वारीची आंबील. साखर निघाली असेल तर पन्ह्यात गूळ-साखर नको, आणि बीपी असेल तर मीठ किती घ्यायचं ते डॉक्टरला विचार. बाहेरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा मात्र माझ्यासाठी सोड. त्या बर्फाचं पाणी कुठलं ते कुणाला ठाऊक? दूषित पाण्यातून जी कावीळ होते, त्यातला ई प्रकार गरोदर बाईच्या जिवावर बेततो, शेवटच्या तीन महिन्यांत तर फारच.

लाल गोळ्यांचंही बोलून टाकते. आशाताई देते त्या लोहाच्या गोळ्या 'गरम पडतात' म्हणून उन्हाळ्यात बंद करणाऱ्या कितीतरी पोरी मी पाहिल्या. शौच काळी होते, बद्धकोष्ठ होतं, हे खरं. पण त्याने अंगात ताप भरत नाही. उलट रक्त कमी असेल तर दम लागतो, चक्कर येते, आणि त्याचंही खापर उष्णतेवर फुटतं. गोळी लिंबूपाण्यासोबत घे, चहासोबत नको. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घेऊन बघ.

घरातली सोय नीट बघ. पारा 40 च्या वर गेला की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. तेव्हा सुती ओढणी ओली करून मानेवर, हातांवर ठेव आणि मग पंखा लाव. कूलर लावलास तर समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि घाम वाळतच नाही. कूलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करून प्लग काढ, पत्र्याच्या कूलरचा शॉक दर उन्हाळ्यात माणसं नेतो. टिनाच्या घरात असशील तर दुपारी निंबाखाली खाट टाक, नाहीतर शेजारच्या स्लॅबच्या घरात जाऊन बस. लाज कसली त्यात?

वावरातलं काम सकाळी दहाच्या आत उरकायचं, आणि याबद्दल घरच्यांशी मीही बोलेन. तामिळनाडूत शेतात, वीटभट्टीवर उन्हात राबणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात गर्भ पडण्याचं प्रमाण सावलीतल्या बायकांच्या सुमारे दुप्पट निघालं. आपल्या कपाशीच्या वावरात ऊन काही कमी नाही.

उन्हात असताना डोकं दुखलं, उलटी झाली, बोलणं बरळल्यासारखं झालं, घाम थांबून अंग भाजू लागलं, तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, डाव्या कुशीवर निजवा आणि 108 ला फोन लावा, एवढं घरातल्या सगळ्यांना आजच सांगून ठेव. सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर उन्हाचं नाव घेऊन वाट पाहू नये.

दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नकोस. पण परवा फोनवर तू हळूच जी लघवीची जळजळ सांगितलीस, तिच्यासाठी 9 तारखेची वाट बघायची नाही. सासूबाईंना सांगायला संकोच वाटत असेल तर ताईने सांगितलंय म्हण, आणि उद्या सकाळीच बाटली घेऊन जा.