पन्हळीवरची जाळी : घ्यावी कोणती, राखावी कशी?

कोकणपट्टीत पत्र्याचे काम करणारे आमचे अनेक कारागीर बांधव आहेत. पन्हळी, पेट्या, पत्र्याची शेड हा त्यांचा नित्याचा धंदा. त्यांच्याकडे आता एक विचारणा वारंवार येते: "पन्हळीत पाला साचू नये म्हणून वर जाळी बसवून द्याल का?" विचारणारा बहुधा मुंबईला किंवा आखातात नोकरीला असतो. गावचे घर वर्षाचे दहा महिने बंद असते, किंवा घरात म्हातारे आईवडील तेवढे असतात. पन्हळ साफ करायला शिडीवर चढणारे कोणी नाही, म्हणून जाळी हवी. मागणी रास्त आहे. मात्र जाळीबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात एक कल्पना पक्की झालेली असते की ती एकदा बसवली म्हणजे पन्हळीकडे पाहायला नको. धंदा मिळावा म्हणून काही विक्रेतेही या कल्पनेला होकार देतात. आम्हास हे मान्य नाही, आणि का मान्य नाही ते पुढे येईलच.

प्रथम येथील हवामान ध्यानात घ्या. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात छपरे उडाली, नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याच्या कडेने गुजरातकडे गेले. दोन्ही वादळे पावसाळ्याच्या उंबरठ्यावर आली. म्हणजे वैशाखात पन्हळ झाडून स्वच्छ केली तरी आठ-पंधरा दिवसांत तीत पुन्हा डहाळ्या, पाने आणि कौलांचे तुकडे भरले, आणि त्याच अवस्थेत पावसाची पहिली झड तिच्यावर कोसळली. कोकणात पन्हळीचे नुकसान होते ते बहुतेक या पहिल्या पंधरवड्यात.

तुंबलेली पन्हळ काय करते? पाणी पुढच्या काठावरून सांडले तर अंगण खराब होते, एवढेच. पण पाणी मागच्या बाजूने चढले तर ते वाशांच्या टोकांत आणि चिऱ्याच्या भिंतीत मुरते. चिरा पाणी शोषून घेतो. भिंत ऑक्टोबरपर्यंत ओली राहते, लाकूड कुजते, वाळवी लागते. बंद घरात हे कोणाच्या नजरेस पडत नाही. मालक रजेवर येतो तेव्हा पडवीचे वासे बदलण्याची वेळ आलेली असते. जाळीच्या सौद्यात खरा प्रश्न आहे तो हा. चुकीची जाळी बसवली तर ती पन्हळीला झाकून टाकते, आत काय साचले आहे ते दिसत नाही आणि नुकसान उलट वाढते.

जाळीआधी पन्हळ

जाळीने पन्हळीची ताकद वाढत नाही. पन्हळ मुळातच अपुरी असेल तर जाळी लावणे म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात घालणे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. छपराची एक बाजू तीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद धरा, म्हणजे सुमारे ४२ चौरस मीटर. तासाला १०० मिलिमीटर या वेगाने सर आली तर मिनिटाला ७० लिटर पाणी पन्हळीत उतरते. तेलाचे पंधरा किलोचे चार डबे आणि वर थोडे. इतके पाणी खाली नेण्यास १०० मिलिमीटरची, म्हणजे चार इंची उभी नळी जेमतेम पुरते. पुष्कळ घरांना याच मापाच्या छपरास अडीच-तीन इंची नळी लावलेली असते, आणि दोष मात्र पाल्याला दिला जातो. तेव्हा आधी नळी पाहा.

मग उतार पाहा. दहा फुटांस एक इंच उतार असावा. पन्हळीत बादलीभर पाणी ओता. कोठे थबकते का ते कळेल. पाणी थबकते तेथे गाळ बसतो, पत्रा सडतो आणि डेंग्यूचे डास अंडी घालतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. आकडे किती अंतरावर आहेत तेही तपासा. तीन फुटांहून लांब असतील तर ओला पाला आणि वारा मिळून पन्हळ मध्येच झुकवतात. वादळी पट्ट्यात आम्ही दोन फुटांचाच आग्रह धरू.

उभ्या नळीच्या तोंडाशी काय आहे, हेही येथेच पाहून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी तेथे सपाट जाळीचा तुकडा डाखून टाकलेला असतो. फणसाचे एक पान त्यावर आडवे पडले की झाले. त्याऐवजी जाड तारेचा चेंडू किंवा उलटा पेला करून तोंडात बसवावा. पाने त्याच्या पायथ्याशी साचली तरी वरून पाणी जात राहते. खर्च नगण्य आणि काम मोठे. अनेक घरांस एवढेच पुरते.

झाड पाहून जाळी

बाजारात जाळीचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येक विक्रेता आपलाच सर्वांत चांगला म्हणतो. आमच्या मते निवड झाडावरून करावी. कारागिराने माप घेण्याआधी मान वर करून छपरावर कोणते झाड वाकले आहे ते पाहावे.

आंबा आणि फणस असेल तर काम सोपे. पाने मोठी आणि चामट. ५-६ मिलिमीटर भोकाची तारेची वेल्डेड जाळी पुरते. पाने वर राहतात, वाळली की वाऱ्याने उडतात. आंब्याचा झडलेला मोहोर मात्र या भोकांतून आत जातो आणि पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो, म्हणून मे महिन्यात एकदा जाळी उचलावीच लागते. बांबूचे पान अरुंद आणि टोकदार. ते उभे होऊन भोकात शिरते व तेथेच अडकते. तेथे भोक लहान हवे.

चिंच, गुलमोहर, शेवगा यांची पानोळी इतकी बारीक की साध्या जाळीला ती मोजतच नाही. किनाऱ्यावर सुरूच्या काड्यांचे तसेच. अशा ठिकाणी एक-दीड मिलिमीटरची बारीक स्टीलची जाळी घ्यावी लागते. ती आत काही जाऊ देत नाही हे खरे, पण तो सर्व कचरा वर चिकटून बसतो. ओली पानोळी आणि धूळ यांचा एक पापुद्रा तयार होतो आणि पाणी त्यावरून घसरून थेट अंगणात पडते. म्हणजे बारीक जाळीला साफसफाई कमी लागते हा समज उलटा आहे. तिला वारंवार झाडू लागतो. सोय एवढीच की तो खालून, लांब बांबूला कुंचा बांधून मारता येतो.

नारळाखाली कोणतीही जाळी नाजूकच. झावळी किंवा नारळ पडला की ती चेपणार. तेथे जाड तारेची आणि तीन-तीन फुटांच्या तुकड्यांत जाळी बसवावी, म्हणजे चेपलेला तुकडा तेवढा बदलता येतो. माकडांचा उपद्रव असेल तरीही हाच मार्ग.

भोके पाडलेला पत्रा पुष्कळ कारागीर स्वतःच तयार करतात. तो मजबूत असतो, यात शंका नाही. पण उघडी जागा किती राहते ते पाहा. पाच मिलिमीटरची भोके आठ-आठ मिलिमीटरवर सरळ ओळीत पाडली तर पत्र्याचा जेमतेम ३१ टक्के भाग उघडा असतो. एक मिलिमीटर तारेची, सहा मिलिमीटर भोकाची जाळी ७३ टक्के उघडी असते. निम्म्या भागावर पाने बसली की हा फरक धो धो पावसात दिसतो. शिवाय पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला जस्ताचा थर तुटलेला असतो आणि गंज तेथून सुरू होतो.

फोमची लादी आणि ब्रश पन्हळीत घालून ठेवण्याचे प्रकारही मिळतात. आमच्या पावसात आम्ही ते सुचवणार नाही. फोममध्ये गाळ भरतो आणि त्यात रोपे उगवतात. वड-पिंपळाचे बी पक्षी आणतातच. नायलॉनची मच्छरजाळी उन्हाने पिचते व पाल्याच्या वजनाने खाली लोंबते. तिसरा प्रकार वळणदार झाकणाचा. पाणी वळणाला चिकटून आत जावे आणि पाने पुढे पडावीत अशी त्याची युक्ती आहे. रिमझिम पावसात ती चालते. उताराच्या पत्र्यावरून वेगाने येणारे आषाढातले पाणी वळणाला धरून राहत नाही, सरळ पुढे उडते.

धातूंचा मेळ

समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत दोन निराळे धातू एकमेकांस लागून ओले राहिले की त्यांतला एक दुसऱ्यापायी खपतो. जस्ताच्या पत्र्याच्या पन्हळीवर स्टीलची जाळी थेट टेकवली तर टेकल्या जागेचे जस्त आधी जाते. मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची पट्टी द्यावी. तांब्याची जाळी किंवा तार जस्त वा अॅल्युमिनियमच्या पन्हळीवर कधीच वापरू नये. तांब्यावरून वाहिलेले पाणीसुद्धा त्या पत्र्यास खाते. स्टील घ्यायचे तर खाडी-समुद्राजवळ ३१६ जातीचे घ्यावे. ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग लवकर धरतात. ३१६ महाग पडते. ते गिऱ्हाइकास आधी सांगावे, मागून वाद नको. पत्रा कापला किंवा भोक पाडले तेथे जस्तयुक्त रंगाचा हात द्यावा.

बसवताना

सर्वांत घातक पद्धत म्हणजे जाळीची मागची कड कौलांच्या शेवटच्या ओळीखाली खुपसणे. काम झटपट होते, दिसतेही नीट. पण कौल अर्धा-पाऊण इंच उचलले जाते आणि वादळी वाऱ्याला आत शिरायला फट मिळते. एक ओळ उडाली की पुढच्या ओळी सुटायला वेळ लागत नाही. आमच्या किनाऱ्यावर हे कदापि करू नये. जाळी पन्हळीलाच, तिच्या दोन्ही काठांना क्लिपने किंवा स्क्रूने धरावी. छपराला हात लावू नये. ती छपराच्या उताराकडे किंचित कललेली असावी, म्हणजे पाने पुढे सरकतील. पुढच्या काठाला अर्ध्या इंचाची उभी पट्टी ठेवली तर वेगाने आलेले पाणी अडून आत पडते. आणि प्रत्येक तुकडा हाताने निघाला पाहिजे. रिवेट मारून कायमची बंद केलेली जाळी म्हणजे पुढच्या कारागिराला शिक्षा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यांवर चढताना पाय थेट ठेवू नये. हा पत्रा सांगून फुटत नाही. दोन वाशांवर टेकेल अशी फळी टाकूनच वर जावे. त्यात अॅस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुफ्फुसास घातक आहे, म्हणून तो कोरडा कापू वा भोकू नये. शेवाळलेल्या कौलांवर पावसाळ्यात चढूच नये. विजेची तार जवळून जात असेल तर अॅल्युमिनियमची शिडी घरीच ठेवावी.

देखभालीचे काम आणि त्याचा धंदा

जाळी असो वा नसो, पन्हळीकडे वर्षातून चार वेळा जावे लागते : मोहोर झडून गेल्यावर मेमध्ये, पहिल्या मोठ्या वादळवाऱ्यानंतर लगेच, श्रावणातील उघडिपीत, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात. यांतली दुसरी फेरी सर्वांत महत्त्वाची, आणि तीच चुकते, कारण त्या वेळी कारागीर उडालेली छपरे बसवण्यात गुंतलेले असतात. शेवटच्या फेरीत जाळी पूर्ण काढून खालचा गाळ उपसावा, डाख तपासावा, सैल आकडे आवळावेत. छपरावर आलेल्या फांद्या वैशाखाआधी छाटल्या तर निम्मे काम आपोआप कमी होते. मशिदीच्या हौदात किंवा घरच्या टाकीत छपराचे पाणी घेत असाल तर पहिल्या दोन-चार सरींचे पाणी बाहेर सोडावे. जाळी पाने अडवते. पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ अडवीत नाही.

आमच्या कारागीर बांधवांस उत्पन्न आहे ते येथे. जाळी एकदा विकली की विकली. या चार फेऱ्या दरवर्षी आहेत. आखातातल्या मालकाला जाळीपेक्षा घरावर नजर ठेवणारा माणूस अधिक हवा असतो. दरपत्रकात जाळी, क्लिपा, मजुरी आणि वार्षिक फेऱ्या हे चार आकडे वेगळे लिहावेत. फुटाच्या एका दरात सगळे गुंडाळले की मालकाला कशाचे पैसे दिले ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्याकडे जातो. प्रत्येक फेरीनंतर पन्हळीचे दोन फोटो, जाळी उचलण्याआधीचा आणि साफ केल्यानंतरचा, मोबाइलवर पाठवावेत. "आयुष्यभर साफसफाई नको" असे मात्र पावतीवर कोणी लिहू नये, तोंडीही कबूल करू नये.

काही घरांस जाळी नकोच. पन्हळ हाताला येण्याइतकी खाली असेल आणि घरात तरणा माणूस असेल तर कुंचा पुरे. जुन्या घराची पागोळी भिंतीपासून दोन-अडीच फूट लांब पडत असेल आणि खाली फरसबंद उतार असेल तर तेथे पन्हळदेखील गरजेची नसते. अशा गिऱ्हाइकाला नळीच्या तोंडाचा तारेचा चेंडू किंवा चार फरशा एवढेच काम सांगून परत पाठवावे. पुढे शेड करायची झाली की तो त्याच दुकानी येतो.