डास खाणारी तुळस

पावसाळ्याच्या रात्री डास कानाशी गुणगुणू लागले, की मनात येते, 'अंगणातील तुळशीने हे डास गट्ट केले तर काय बहार होईल!' मुलांनो, ही कल्पना गमतीची खरी. पण ती अगदीच अशक्य आहे काय?

कीटक खाणाऱ्या वनस्पती सृष्टीत आहेतच. आपल्या कास पठारावरील चिमुकले दवबिंदू पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. अमेरिकेतील उत्तर व दक्षिण कॅरोलिना राज्यांच्या ओलसर भूमीत 'व्हीनस फ्लायट्रॅप' ही वनस्पती वाढते. तेथील मातीत नायट्रोजन फार थोडा असतो. ती उणीव ती कीटक पचवून भरून काढते.

तिच्या पानाच्या दोन पाळ्या उघड्या पुस्तकासारख्या असतात. प्रत्येक पाळीवर बहुधा तीन नाजूक केस असतात. केसाला एकदा स्पर्श झाला, तर पान स्वस्थ राहते. सुमारे अर्ध्या मिनिटाच्या आत दुसरा स्पर्श झाला, म्हणजे पाळ्या झटकन मिटतात. पहिला स्पर्श पावसाच्या थेंबाचाही असू शकेल! प्रत्येक पान आयुष्यात थोड्याच वेळा मिटू शकते. म्हणून व्यर्थ मिटणे त्याला परवडत नाही.

पहिल्या स्पर्शाची आठवण पानात कशी राहते? जपानी शास्त्रज्ञांनी याचा शोध घेतला. सजीवांची घडण ठरविणाऱ्या पेशींतील सूचनांना जनुके म्हणतात. जेलीफिश या सागरी प्राण्यातील चकाकणाऱ्या प्रथिनापासून तयार केलेल्या प्रथिनाचे जनुक त्यांनी या वनस्पतीत घातले. मग विशिष्ट प्रकाशात पाहिले असता, केसाला स्पर्श होताच पानभर हिरवी चमक पसरताना दिसली. पेशींत कॅल्शियम वाढल्याची ती खूण होती. पहिल्या स्पर्शाने ते वाढे, पण पुरेसे नसे; दुसऱ्याने मर्यादा ओलांडली, की पान मिटे. हे संशोधन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

मग कल्पनेला पंख फुटतात. पतंगांना भुलविणारी दिव्याची वेल, टोळ पकडणारे शेताचे कुंपण आणि आपली ती तुळस! परंतु चमकण्यास एक जनुक पुरले. सापळ्याचा आकार, स्पर्श जाणणारे केस व पाचक रस यांसाठी अनेक जनुकांनी एकदिलाने काम करावे लागेल.

शिवाय, सापळ्याला डास आणि मधमाशी यांतला भेद कसा कळणार? तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात. तुळस त्यांनाच गिळू लागली, तर परागकण कोण वाहून नेणार? व्हीनस फ्लायट्रॅपची फुले सापळ्यांपासून दूर, उंच दांड्यावर उमलतात. त्यामुळे त्यांवर येणारे पाहुणे क्वचितच सापळ्यात सापडतात.

नवी कल्पना मनाला स्पर्श करते, तेव्हा आनंद होतो. तो जरूर घ्यावा. पण कृतीपूर्वी त्या पानाप्रमाणे क्षणभर थांबून दुसऱ्या विचाराची वाट पाहावी.

स्वाध्याय

१. व्हीनस फ्लायट्रॅपचे पान पहिल्या स्पर्शाला का मिटत नाही?
२. डास खाणाऱ्या तुळशीपासून कोणता लाभ व कोणती हानी होईल?
३. तुमच्या कल्पनेतील एका वनस्पतीचे वर्णन दहा ओळींत लिहा.