मेंदूच्या धमनीतलं कॅल्शियम

प्रश्न : वडिलांचा (वय ६९) उजवा हात अचानक लुळा पडला. सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'दोन्ही कॅरोटिड सायफनमध्ये कॅल्सिफिकेशन' असं आहे. बोअरच्या पाइपात क्षार साचतात तशी ही नस बंद झाली का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ही पाइपाची उपमा पेशंटच्या नातेवाइकांकडून नेहमी ऐकतो, आणि घोळ तिथेच होतो. क्षार पाइपाच्या आत, पाण्याच्या वाटेत साचतात. धमनीतलं कॅल्शियम बसतं भिंतीच्या जाडीत. सर्वांत आतल्या थरात, चरबीच्या थरासोबत ते धरलं, तर वाट अरुंद होऊ शकते. पण कवटीच्या तळाशी कॅरोटिड धमनी नागमोडी वळते (तोच सायफन), तिथे ते अनेकदा भिंतीतल्या लवचीक पडद्यालगत बसतं. वाट बरीचशी मोकळी राहते, भिंत मात्र ताठ होते आणि हृदयाच्या ठोक्याचा दणका पुढच्या बारीक धमन्यांवर जातो. साध्या सीटीत एवढंच कळतं की कॅल्शियम आहे. वाट किती उरली, हे अँजिओग्राफीनेच समजतं, सीटी असो वा एमआर.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात सुमारे २,५०० ज्येष्ठांचे स्कॅन तपासले, तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक जणांच्या या धमनीत कॅल्शियम सापडलं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना पुढे पक्षाघाताचा धोकाही जास्त. म्हणजे ते निरुपद्रवी नाही, पण या वयात इतकं सर्रास दिसतं की त्यालाच गुन्हेगार ठरवता येत नाही. वडिलांचा उजवा हात गेला म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या बाजूला, आणि कॅल्शियम तर दोन्हीकडे! म्हणून मानेच्या धमन्यांची डॉपलर, ईसीजी आणि इको झाले का ते विचारा. ठोके अनियमित असतील आणि हृदयातून गुठळी गेली असेल, तर रक्त पातळ करणारं औषधच वेगळं लागतं. रिपोर्टमध्ये 'कॅल्सिफिकेशन' वाचून कारणाचा शोध थांबला, तर खरं नुकसान तिथे होतं.

प्रश्न : आईला पक्षाघात होऊन गेला, धमन्यांत कॅल्शियम निघालं. आम्ही दूध आणि नाचणी बंद केली. हाडांसाठीची गोळीही बंद करू का? – एक वाचिका, चिपळूण

उत्तर : दूध-नाचणी आजच सुरू करा. खाण्यातलं कॅल्शियम थेट धमनीत जाऊन बसत नाही. भिंतीतल्या स्नायुपेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. वय, मधुमेह, वाढलेलं बीपी, विडी-सिगारेट ही त्यामागची मुख्य कारणं. मूत्रपिंड अधू झाल्यावर वाढणारं फॉस्फेटही. गोळी परस्पर बंद करू नका. क्रिएटिनिनचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांना भेटा, निर्णय त्यावर ठरेल.

प्रश्न : सलाईनमधून औषध देऊन शिरा साफ करतात म्हणे. दर सहा महिन्यांनी स्कॅन करून फरक पाहावा का? – एक वाचक, नांदेड

उत्तर : दोन्ही नको. त्या उपचाराने मेंदूच्या धमन्या साफ होतात याला पुरावा नाही. उलट त्यात चुकीचं औषध वापरल्याने रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून माणसं दगावली आहेत. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिनची गोळीही साचलेलं कॅल्शियम काढत नाही. हृदयाच्या धमन्यांत तर तिच्यामुळे ते अधिक घट्ट झालेलं दिसतं, तरी झटक्याचा धोका कमी होतो. तेव्हा स्कॅनवर खर्च करण्यापेक्षा घरी बीपीचं मशीन आणा.