शहराचा निरोप

आपल्या वारंगा फाट्यावर रस्ते फुटतात. एक कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, एक नांदेडला, तर एक हदगाव, यवतमाळमार्गे नागपूरला. शाळा-कॉलेजे सुरू होण्याच्या दिवसांत येथे बॅगा घेतलेली मुले-मुली एस.टी.ची वाट पाहताना दिसतात. ती परगावी शिकायला निघालेली असतात. घर सोडताना डोळे भरून येतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण शिक्षण संपवून परत येतानाही डोळे भरून येतात, हे तुम्हांला माहीत आहे का?

ज्या शहरात आपण शिकायला जातो, ते आधी परके वाटते. तेथली बोली वेगळी, जेवण वेगळे. मग हळूहळू वाचनालयातली आपली जागा ठरते. मित्र मिळतात. रस्ते पायांना पाठ होतात. शहर आपले होते आणि नेमके तेव्हाच शिक्षण संपते! पुढे आपण त्या शहरात पुन्हा जाऊही. पण ते दिवस पुन्हा भेटत नाहीत. म्हणून मनाला हुरहूर लागते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण पाहा. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते 1913 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पोटाला चिमटा काढून त्यांनी जुनी पुस्तके विकत घेतली. आपल्याला आयुष्यात लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तेथले काही सोबती आणि प्राध्यापक, असे त्यांनी 1930 साली लिहिले. 1916 साली ते लंडनला गेले. तेथे अभ्यास रंगात आला असतानाच 1917 मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान आणि पुस्तके दुसऱ्या जहाजाने येत होती. पहिल्या महायुद्धाचा तो काळ होता. ते जहाज टॉर्पेडोने बुडाले.

परतल्यावर काय झाले? परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पण बडोद्यात नोकरीवर रुजू होताच जातीमुळे त्यांना राहायला जागा मिळेना. विचार करा, ज्या शहरांनी माणूस म्हणून वागवले, त्यांची आठवण त्या वेळी किती आली असेल!

बाबासाहेब नुसते झुरत बसले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांनी प्राध्यापकी केली, पैसा साठवला, काही मदत आणि उसनवारी घेतली आणि 1920 साली पुन्हा लंडन गाठले. 1923 मध्ये डी.एस्सी. पदवी मिळवून ते कायमचे मायदेशी आले. जे समतेचे वारे त्यांनी परदेशात अनुभवले, ते येथे वाहावे म्हणून ते आयुष्यभर झटले. 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. ते त्यांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे. मराठवाड्यातल्या कितीतरी गरीब मुलांना त्यामुळे शिक्षणाचे दार उघडले.

आता मुंबईच्या अतिया फैजी यांची गोष्ट ऐका. त्यांची बहीण नाजली ही मुरूड-जंजिऱ्याची बेगम होती. 1906 साली अतिया अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. त्या काळी मुस्लिम मुलीने एवढ्या दूर शिकायला जाणे ही नवलाची गोष्ट होती. जे जे पाहिले, ते त्या उर्दूत लिहून घरी पाठवत. लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या स्त्रियांच्या नियतकालिकात ते छापून येई. पण तब्येत बिघडली आणि 1907 मध्ये त्यांना अभ्यासक्रम पूर्ण न करताच परतावे लागले. पदवी हाती आली नाही. मात्र ते लेखन 1921 साली ‘जमाना-ए-तहसील’ या पुस्तकाच्या रूपाने आले. मराठीत ‘तहसील’ म्हटले की आपल्याला तहसीलदारांची कचेरी आठवते. उर्दूत त्याचा अर्थ मिळवणे, संपादन करणे असा आहे. अर्धवट राहिलेल्या शिक्षणातही अतियांनी किती मिळवले होते, हे त्या नावातच दिसते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही नांदेडला, मुंबईला, कदाचित परदेशीही शिकायला जाल. मुलींनो, हे तुम्हांलाही सांगतो आहे. परत येताना वाईट वाटले, तर लाजू नका. त्या शहराने तुम्हांला काहीतरी दिले, याचीच ती खूण आहे. पण गावी येऊन “इथे काय ठेवले आहे?” असे म्हणत नाक मुरडू नका. शहरात वाचनालय आवडले असेल, तर गावात पुस्तकांचे एक कपाट सुरू करा. चांगले शिक्षक लाभले असतील, तर शेजारच्या मुलाला गणित शिकवा. सुटलेल्या शहराचे ऋण असेच फेडता येते.

शब्दार्थ
हुरहूर – मनाची बेचैनी
झुरणे – आठवणीने मनात कष्टी होणे
पोटाला चिमटा काढणे – खाण्यापिण्याचा खर्च कमी करून पैसा वाचवणे
नाक मुरडणे – नापसंती दाखवणे
ऋण – कर्ज

स्वाध्याय
1. बाबासाहेबांना 1917 साली लंडन का सोडावे लागले?
2. ‘तहसील’ या शब्दाचे मराठीतील व उर्दूतील अर्थ लिहा.
3. मराठीत व उर्दूत वेगवेगळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी दोन शब्द शोधा.
4. तुमच्या ओळखीची एखादी व्यक्ती परगावी शिकून आली असेल, तर तिला त्या गावाची कोणती आठवण येते ते विचारा व पाच वाक्ये लिहा.