लँडस्लाइड : एका शब्दाचा धडा



परवा इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर 'लँडस्लाइड' हा शब्द लिहिला. लँड म्हणजे जमीन. आणि स्लाइड? "घसरगुंडी!" सगळी मुलं ओरडली. हशा झाला. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, म्हणजे इर्शाळवाडीत झालं ते?" वर्ग गप्प झाला.

होय, तेच. १९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यातली, इर्शाळगडाच्या उतारावरची ही ठाकरवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसे सापडलीच नाहीत.

असे का होते? रेन म्हणजे पाऊस. तो सारखा कोसळला, की सॉइल म्हणजे माती पाणी पिऊन जड होते. खडकावरची तिची पकड सुटते आणि ती उभ्या उतारावरून खाली येते.

करून पाहा : दोन जुन्या पत्र्यांवर माती थापा. एकावर मुळांसकट गवत लावा. पंधरा दिवसांनी दोन्ही पत्रे तिरके ठेवून झारीने पाणी घाला. कुठली माती जास्त वाहिली? वहीत लिहा : रूट्स होल्ड द सॉइल. मुळे माती धरून ठेवतात. मात्र मोठी दरड नुसत्या गवताने थांबत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पाठ करा : क्रॅक – भेग. स्प्रिंग – झरा. मडी – गढूळ.

डोंगरउतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली, झरा एकाएकी गढूळ झाला, तर गप्प बसू नका. गो टू अ सेफ प्लेस. सुरक्षित जागी जा.

आणि हे वाक्य घरी आजीला मराठीतून सांगा बरं का!