प्रवरेकाठच्या चुलीत काय शिजत होतं?

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या आरंभीच्या गावांत कोणती पिकं होती, कोणती जनावरं होती, हे उत्खननातून कळलं आहे. आपल्याकडचं असं काही कळलं आहे का? आणि एवढी वर्षं धान्य टिकतं कसं? – एक वाचक, श्रीरामपूर

उत्तर : तुमच्याच तालुक्यातलं, प्रवरेकाठचं दायमाबाद घ्या. १९५८ साली उजेडात आलेल्या या स्थळाचं उत्खनन १९७९ पर्यंत तीन वेळा झालं. इथे इ.स.पू. २००० च्याही आधी शेती होती. जव, गहू, मसूर, वाटाणा, लाख, कुळीथ हे तिथलं धान्य. बोरंही खात, बोराच्या आठळ्या मिळाल्या आहेत.

दाणा टिकतो तो जळल्यामुळे. चुलीशी सांडलेला, भाजताना करपलेला दाणा कोळसा होतो आणि कोळशाला कीड लागत नाही. उकरलेली माती पाण्यात ढवळली की हे हलके दाणे वर तरंगतात. शेकडो पिढ्यांपूर्वीच्या बाईच्या हातून निसटलेला दाणा आज आपल्याला तिचा स्वयंपाक सांगतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

जनावरांचं हाडांवरून कळतं. दातांच्या झिजेवरून वय, कापल्याच्या खुणांवरून आहार. गाय-बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या, डुक्कर, कुत्रा ही पाळीव जनावरं. हरणाची शिकार आणि नदीतले मासे वेगळे. गुरं औताला होती, तशी खाण्यातही होती. हाडांवरच्या खुणा स्पष्ट आहेत. पिकांचं पुन्हा सांगायचं तर, प्रवरेकाठच्याच नेवाशाला उत्खननात एका लहान मुलाच्या गळ्यातल्या तांब्याच्या मण्यांत कापूस-रेशमाचा धागा मिळाला, म्हणजे वनस्पतींचा उपयोग पोटापुरताच नव्हता.

माया लोकांपाशी गाय, बैल, शेळी यांतलं काहीच नव्हतं. मुख्यतः मका, हरीण आणि कुत्रा यांवर त्यांची गुजराण होती. आज प्रवरेकाठी चाऱ्याला उभा असलेला मका आणि आपल्या ठेच्यातली मिरची मूळ त्याच खंडातली. दायमाबादकरांनी दोन्हींची चव कधी घेतली नाही.

इ.स.पू. १००० च्या सुमारास दायमाबाद ओस पडलं. पुणे जिल्ह्यातलं इनामगाव पुढे तगलं, पण तिथे शेती आक्रसली, शेळ्या-मेंढ्या आणि शिकार वाढली. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचं कारण वाढतं अवर्षण असं मांडलं.